कॅम्परव्हॅनची खडखड: आवाज कुणाचा, खर्च कुणाचा?

नवी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन पहिला लांबचा प्रवास झाला. रस्ता तिन्ही तऱ्हेचा मिळाला: आधी गुळगुळीत महामार्ग, मग ठिगळं मारलेला घाट आणि शेवटी पठारावरची खडी. पठार सुंदर आहे, पण त्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मी लिहितोय ते आवाजांबद्दल, कारण व्हॅन वॉरंटीत असेपर्यंतच त्यांचा पिच्छा पुरवण्यात अर्थ आहे.

महामार्गावर गाडी गप्प होती. घाटाची पहिली दोन वळणं झाली आणि मागे अख्खं स्वयंपाकघर जागं झालं. खणखण, खुळखुळ, कुरकुर, सगळं एकदम. बायको म्हणाली, "हे असंच चालणार असेल तर मी उतरून चालत येते."

अशा वेळी वर्कशॉपला फोन करून उपयोग नसतो. "गाडी वाजतेय" ही तक्रार कुणीच घेत नाही. आवाज कशाचा, हे आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे, म्हणजे तो कुणाच्या वॉरंटीत बसतो ते ठरतं. म्हणून सुरुवात आपल्या सामानापासून करायची. आम्ही गाडी बाजूला लावली. ताटल्या, चमच्यांचा ट्रे, शेगडीची जाळी, सुटा टेबल, सगळं बाहेर काढून गाद्यांवर टॉवेलात गुंडाळून बांधलं आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा गेलो. निम्म्याहून जास्त गोंगाट तिथेच संपला. शेगडीची जाळी तर एकटीच दहा जणांचं काम करत होती. जाळीच्या पायांखाली उष्णता सहन करणारे सिलिकॉनचे तुकडे आणि ताटल्यांमध्ये फेल्ट (दाबून केलेलं जाड, मऊ कापड), एवढ्यावर हा विषय मिटतो. यात कंपनीचा दोष नाही, पैसेही मागू नयेत.

उरतो तो खरा आवाज. खडखड असेल तर कुठेतरी फट आहे आणि दोन वस्तू एकमेकींवर आपटतायत. कुरकुर असेल तर त्या घासतायत. पहिल्याला स्क्रू आवळणं किंवा फटीत फोम पट्टी, दुसऱ्याला फेल्ट. दाराच्या रबराला सिलिकॉनचं वंगण चालतं. साधं ग्रीस लावू नका, त्याने बरीच रबरं फुगतात.

पुढची चाचणी उभ्या गाडीत करायची. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, ॲक्सिलरेटर हळूहळू दाबायचा. इंजिनच्या ठरावीक फेऱ्यांवर भणभण ऐकू आली तर खाली एक्झॉस्टवरची पातळ उष्णतारोधक पत्र्याची ढाल तपासायला सांगा, बऱ्याचदा तीच सैल झालेली असते. उभ्या गाडीत काहीच वाजत नसेल आणि खड्ड्यातच वाजत असेल, तर दोष बहुधा सस्पेन्शनमध्ये किंवा लाकूडकामात असतो.

लाकूडकामातला आवाज चालकाला सापडत नाही. सीटबेल्ट असलेल्या मागच्या सीटवर दुसऱ्याने बसायचं, बेल्ट लावूनच. आमच्याकडे ते काम बायकोने केलं. खिडकीचा पडदा ज्यात गुंडाळून बसतो ती प्लास्टिकची कॅसेट असते, तिच्या वरच्या कोपऱ्यावर तिने बोट टेकवलं की टकटक थांबायची, बोट उचललं की पुन्हा सुरू. तिनेच दुसऱ्या हाताने फोनवर चित्रण केलं: बोट, आवाज, शांतता, परत आवाज. नंतर वर्कशॉपमध्ये ती क्लिप दाखवल्यावर वाद उरलाच नाही. झाकणाखाली एक स्क्रू लाकडात धरतच नव्हता.

आता वॉरंटी. कॅम्परव्हॅन एकाच कंपनीची असते हा समज सोडून द्या. फियाट डुकाटो, फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडीज स्प्रिंटर असली कुठलीतरी तयार व्हॅन खाली असते आणि तिच्यात दुसरा कुणीतरी घर बांधतो. इंजिन, चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि मूळ पत्रा यांची वॉरंटी त्या मूळ व्हॅनच्या कंपनीची. आतलं घर बांधणाऱ्याची वॉरंटी वेगळी, आणि फ्रिज, हीटर, पंप यांची बऱ्याचदा तिसरीच. प्रत्येकीची मुदत वेगळी आणि सुरू होण्याची तारीखही वेगळी असू शकते. मूळ व्हॅन घर बांधून होण्याआधीच नोंदवली गेली असेल तर तिची मुदत तुम्हाला किल्ली मिळण्याआधीच चालू झालेली असते. तीनही पुस्तिका घेऊन बसा आणि 'ॲडजस्टमेंट' किंवा 'आवाज व कंपन' याबद्दल काय लिहिलंय ते शोधा. दारं, बिजागऱ्या, कुलपं यांची जुळणी मुख्य वॉरंटीपेक्षा बरीच कमी काळ फुकट करून देतात, असं अनेक पुस्तिकांत बारीक अक्षरांत असतं.

खरी पंचाईत दोन वॉरंट्यांच्या सीमेवरच्या वस्तूंची. आमचा सरकता दरवाजा ठकठक करत होता. दरवाजा मूळ कंपनीचा, त्याच्या आतलं पॅनल घर बांधणाऱ्याचं. मूळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दोष पॅनलवर ढकलला. मी वाद घातला नाही, फक्त म्हटलं, "ठीक आहे, रोलर आणि लॉक तपासले, दोष आढळला नाही, एवढं जॉब कार्डवर, म्हणजे कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून द्या." तो कागद घर बांधणाऱ्याकडे नेला आणि त्यांनी निमूटपणे पॅनल उतरवून तुटलेली क्लिप बदलली. "आमचं नाही" हे तोंडी ऐकून कधीच परत येऊ नका. लेखी नकार दुसऱ्या दारात पुराव्यासारखा चालतो.

"दोष आढळला नाही" हा शेरा टाळायचा असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच प्रकारच्या रस्त्यावर फेरी मारा. वर्कशॉपच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीच गाडी वाजत नाही. तक्रार ईमेलने करा: तारीख, किलोमीटर, वेग, रस्ता, क्लिप. मुदत संपायच्या आत लेखी नोंदवलेला दोष नंतर पुन्हा उपटला तर ती नोंद कामाला येते. प्रवासात काही मोडलं तर दुरुस्तीआधी फोन करून लेखी परवानगी घ्या. आधी दुरुस्ती आणि मग बिल, याला नकार मिळण्याची शक्यता जास्त.

काही गोष्टी मात्र स्वतः करूच नका. गॅसच्या कप्प्याच्या तळाशी भोक असतं. तिथून वारा शिरतो, आवाज येतो, म्हणून त्यात चिंधी कोंबणारे लोक मी पाहिलेत. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली तर गॅस त्याच भोकातून बाहेर पडतो. फ्रिजसाठी हवा खेळवणाऱ्या जाळ्यांचंही तेच, त्या बुजवायच्या नाहीत. भिंतीत नवं भोक पाडून स्क्रू मारला तर पाणी झिरपण्याची वॉरंटी हातची जाऊ शकते. त्या वॉरंटीसाठी बहुतेक ठिकाणी दरवर्षी ओल तपासून शिक्का घ्यावा लागतो, तोही चुकवू नका.

टायरकडे आम्ही जरा उशिरा वळलो. कॅम्परसाठीच्या 'सीपी' टायरांना मागच्या ॲक्सलवर साधारण 5.5 बार, म्हणजे 80 पीएसआयच्या आसपास हवा सांगितलेली असते. एवढ्या कडक टायरवर हलकी व्हॅन प्रत्येक खडा घरात आणते. पण म्हणून अंदाजाने हवा सोडू नका. भरलेली गाडी काट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं घ्या आणि त्या आकड्यांवरून टायर कंपनीकडूनच दाब विचारा.

आमच्या यादीत आता दोनच आवाज राहिलेत. खडीवर पलंगाच्या पट्ट्या वाजतात, त्यांना मी फेल्ट लावणार आहे. छतावरची खिडकी आडव्या वाऱ्यात फडफडते, तिची तक्रार नोंदवलीय आणि वर्कशॉपची तारीख मुदत संपायच्या आतली मागून घेतलीय. सुट्ट्यांच्या हंगामात या लोकांच्या तारखा लांबतात, तेव्हा फोन प्रवासातूनच करून टाका.