बाराव्या वर्षी मत, आणि आमच्या गावची बालसभा

फिनलंडमधलं हेलसिंकी शहर आपल्या बजेटमधला थोडासा वाटा दर फेरीला लोकांच्या हवाली करतं. योजनेचं नाव ओमास्टाडी. पहिल्या फेरीत ४४ लाख युरो होते, दुसरीत त्याच्या दुप्पट. लोकांनी कल्पना पाठवायच्या, शहराच्या अधिकाऱ्यांनी त्या तपासून खर्चाचा अंदाज काढायचा, मग मतदान आणि जिंकलेली कामं शहराने करायची. त्या वर्षी १२ वर्षं पूर्ण करणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला मत आहे. नागरिकत्व लागत नाही, त्यामुळे आमच्यासारख्या पोटापाण्यासाठी आलेल्यांनाही.

आमच्या लेकीने पहिल्यांदा मत दिलं तेव्हा मी मुद्दाम शेजारी बसले होते. मला वाटलं होतं, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारेल आणि उठेल. पण तिथे आपल्या भागाची रक्कम ठरलेली असते आणि प्रत्येक कामापुढे त्याचा खर्च लिहिलेला. कामं निवडत गेलं की शिल्लक कमी कमी होत जाते. तिला हवं होतं घसरगाडीच्या टेकडीवर दिवे (इथे डिसेंबरात दुपारी सव्वातीनला सूर्य मावळतो, म्हणजे शाळा सुटून घरी येईपर्यंत अंधारच), बास्केटबॉलचं मैदान, बागेत शौचालय आणि समुद्राकाठी बाकं. चारही बसेनात. बराच वेळ नाक फेंदारून बसली, मग बाकं काढून टाकली. तिच्या बाबांना नेमकी बाकंच हवी होती. "बाबा, तुम्हांला तुमचं मत आहे ना?" एवढं बोलून तिने बटण दाबलं.

आता कुणी म्हणेल, फिनलंडमध्ये सगळं सोन्याचं. तसं नाही. पहिल्या फेरीत दहा टक्केही मतदान झालं नव्हतं. महापालिकेच्या खऱ्या निवडणुकीत मतदानाचं वय इथेही १८च आहे. गंमत म्हणजे चर्चच्या निवडणुकीत ते १६ आहे. २०१५च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेला युवा परिषद नेमावीच लागते. शाळा, रस्ते, राहण्याची जागा, आरोग्य अशा विषयांत तिला बोलण्याची संधी देणं बंधनकारक आहे. पण शेवटचं मत नगरसेवकांचंच. आमच्या इमारतीतला एक पोरगा अशा परिषदेवर होता. तो सांगायचा की कागद इतक्या सरकारी भाषेत येतात की आधी आजोबांकडून समजून घ्यावे लागतात.

मला यातलं मत फारसं मोठं वाटत नाही. त्याच कायद्यातलं एक साधं कलम मोठं वाटतं. कुठल्याही वयाच्या रहिवाशाने नगरपालिकेकडे मागणी केली, तर तिचं पुढे काय केलं हे मागणी करणाऱ्याला कळवावंच लागतं. मागणी मान्य करा असं कायदा म्हणत नाही, उत्तर द्या म्हणतो. दहा वर्षांच्या पोरीने पत्र लिहिलं तरी कुणा साहेबाला खुर्चीत बसून तिला लिहावं लागतं की पूल यंदा होणार नाही, कारण अमुक. शिवाय गावात सार्वमत घ्या अशी मागणी करायची तर १५ वर्षांवरच्या चार टक्के रहिवाशांच्या सह्या लागतात, म्हणजे दहावीतल्या पोराची सही सरपंचाच्या सहीइतकीच मोजली जाते.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. आमच्याकडे पोरांना सार्वजनिक कामाचं वावडं आहे असं कोण म्हणेल? नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ला शिरीषकुमार मेहता गोळी झेलून पडला, तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. दरवर्षी पोरांना रांगेने नेऊन आपण त्याच्यावर भाषणं ऐकवतो. आणि त्यातलाच एखादा ग्रामसभेच्या दारात उभा राहिला की, "तुले काय समजस? जाय, खेय."

कागदावर मात्र आपण मागे नाही. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९चा. त्याच्या १२व्या कलमात मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकायचं असं म्हटलंय, आणि भारताने तो १९९२मध्ये मान्य केला. शाळा व्यवस्थापन समितीत दोन विद्यार्थी घ्यायचे, त्यात एक तरी मुलगी. 'आमचा गाव, आमचा विकास'चा आराखडा करताना बालसभा घ्यायची. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे. आता घरपट्टी थकलेल्या गावात ते दहा टक्के म्हणजे किती, ते विचारू नका. पण जे असतात त्यांचं काय करायचं हे बाया-पोरांना कोण विचारतं? अंगणवाडीला ताटल्या आणि खुर्च्या आल्या की हेड, म्हणजे खर्चाचं ते खातं, संपला.

माझा मोठा भाऊ ग्रामपंचायतीत मेंबर आहे. गेल्या वर्षी भाची आठवीत होती आणि बालसभेला तिने वर्गाची यादी वाचली. फाट्यावर शेड हवी, मुलींच्या संडासाला आतून कडी हवी, खेळाच्या मैदानाकडेला निंब लावा. चौथी मागणी अशी की पाण्याची काळी टाकी सावलीत हलवा, कारण चैत्रात सकाळची शाळा सुटायच्या वेळी नळाखाली हात धरला तर चटका बसतो. त्या नळाजवळून गावातली सगळी मोठी माणसं रोज जातात, पण ओंजळ कुणीच धरत नाही. त्याच महिन्यात मोठ्यांच्या ग्रामसभेत पेव्हर ब्लॉक आणि गावच्या वेशीवरची कमान यांवर दोन तास भांडण झालं होतं.

दादाला मी फोनवर विचारलं, यादीचं काय झालं? तो म्हणाला, "कडी ते मी लई येसू, ठराव कसाले?" म्हणजे कडी मीच घेऊन येतो, ठराव कशाला. आणि आणलीही त्याने, खिशातून, दुसऱ्याच दिवशी. माणूस चांगला आहे. पण कडी मिळाली ती भाचीचा बाप मेंबर होता म्हणून. शेजारच्या वस्तीतल्या, बाप ऊसतोडीला गेलेल्या पोरीने तीच मागणी केली असती तर? बाकीच्या तीन गोष्टी बालसभेच्या रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या आहेत, खाली सह्या आहेत, आणि पुढचं पान कोरं.

म्हणून मी त्याला हेलसिंकीतलं काहीच कर म्हणत नाही. मोबाइलवर मतदान नको, युरो तर नाहीतच. फक्त पुढच्या बालसभेची सुरुवात मागच्या यादीने करा. प्रत्येक ओळीपुढे झालं, नाही झालं, आणि नाही तर का, एवढं भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, पोरांसमोर उभं राहून वाचायचं. 'पैसे नाहीत' हेसुद्धा उत्तर आहे, पोरांना ते कळतं. आमच्या लेकीला बाकं काढताना कळलंच होतं.

दादा हसला. "म्हणजे पोरं आमची हजेरी घेतील!" मग थोडं थांबून म्हणाला, बोलतो भाऊसाहेबांशी. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी बालसभा आहे. कमानीचं काम मात्र सुरू झालंय, तो निधी म्हणे वेगळ्या हेडचा. भाचीने यादीत पाचवी ओळ घातली आहे: कमान कुणी मागितली होती?