खराबी रक्तात नव्हती

त्वचारोग तपासणीच्या दिवशी घाटंजी तालुक्यातले एक शेतकरी तोंडाला दुपट्टा गुंडाळूनच आमच्या ग्रामीण रुग्णालयात आले. सोबत बायको आणि पुतण्या. त्यांनी दुपट्टा सोडला. कपाळाची नि गालांची कातडी जाड, काळवंडलेली, खोल घड्या पडलेली. भुवया विरळ झालेल्या. बायकोनं दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, महारोग तं नाई ना?" ते स्वतः म्हणाले, "माह्या रक्तातच खराबी आहे म्हन्ते सारे. रक्त साफ कराचं औषद द्या."

आमच्या भागात कुष्ठरोग अजून आहे, म्हणून आधी तेच तपासलं. डोळे मिटायला सांगून कापसाची वात जागोजाग टेकवली. प्रत्येक स्पर्श त्यांनी बरोबर सांगितला. कोपरामागची नस चाचपली, ती जाड नव्हती. आणि खाज! खाजवून खाजवून नखं घासली गेली होती, पॉलिश केल्यासारखी चमकत होती. कुष्ठाचा चट्टा सहसा बधिर असतो, तो असा झोप उडवत नाही.

सदरा काढायला लावला. गळ्याखाली उघड्या राहणाऱ्या भागात कातडी जाड, सदऱ्याच्या आत मात्र स्वच्छ. मग उन्हाची अ‍ॅलर्जी? हनुवटी वर केली, कान दुमडून मागे पाहिलं, पापण्या पाहिल्या. तिथंही तेच. ऊन या जागांपर्यंत फारसं पोचत नाही, हवेतली धूळ पोचते.

"काका, शेताच्या धुऱ्यावर गाजरगवत आहे का?"

उत्तर पुतण्यानं दिलं, "धुऱ्यावर काय, मॅडम, पांदनीत बैल दिसत नाई इतकं आहे."

काकांना ते पटेना. "जवान होतो तवापासून उपटतो. इतके वर्स काई नाई झालं, आता काहून?" त्यांनी पिशवीतून रक्ताचे रिपोर्ट काढले. कुठं काही सापडलं नव्हतं. खाजेच्या गोळ्यांनी नुसती झोप येई, दुकानातून आणलेल्या मलमानं चार दिवस बरं वाटे नि पुन्हा भडका उडे.

त्यांचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या उत्तरासाठी आधी अ‍ॅलर्जी रक्तातल्या कशातून येते ते पाहावं लागतं, आणि त्यावर एक सुंदर संशोधन आहे. १९२१ साली जर्मनीत प्राउसनिट्झ या संशोधकांनी क्युस्टनर या सहकाऱ्याच्या रक्तातला द्रव, म्हणजे सीरम, स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्याच जागी माशाचा अर्क टोचल्यावर प्राउसनिट्झ यांना गांध उठली. ती अ‍ॅलर्जी सीरममधून गेली होती. पण लँडस्टायनर आणि मेरिल चेस या संशोधकांनी १९४२ साली छापलेल्या प्रयोगांत वेगळंच दिसलं. साध्या रसायनांनी कातडीला अ‍ॅलर्जी झालेल्या गिनीपिगांचं सीरम दुसऱ्यांना दिलं तर ही अ‍ॅलर्जी जात नव्हती. त्यांच्या पांढऱ्या पेशी दिल्या तर जात होती. त्यातल्या हे काम करणाऱ्या पेशींना आज टी पेशी म्हणतात; तेव्हा हे नावही नव्हतं.

गाजरगवतातलं पार्थेनिन हे रसायन असंच काम करतं. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्यानं अंगावर बसतो, पार्थेनिन कातडीतल्या प्रथिनांना चिकटतं, आणि कधीतरी टी पेशी त्याची ओळख पक्की धरून बसतात. ते व्हायला वर्षानुवर्षं लागू शकतात. एकदा झालं की मात्र थोडी धूळही पुरते. पुन्हा या पेशींना गोळा व्हायला दोनेक दिवस जातात. आज निंदण केलं, खाज परवा सुटली. गवतावर संशय येणार कसा? हिस्टामीन, म्हणजे झटपट गांध नि खाज उठवणारं शरीरातलं रसायन, त्याला अडवणारी खाजेची गोळीही इथं फारशी चालत नाही, कारण कारभार मुळात हिस्टामीनचा नाही.

काकांना एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "रक्त साफ करायची गरज नाही. पाठीवर एक तपासणी करू." पॅच टेस्टच्या, म्हणजे संशय असलेले पदार्थ कातडीला टेकवून ठेवणाऱ्या, पट्ट्या लावल्या. आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. सोयाबीनच्या सवंगणीत हे पाळणं सोपं नाही, पण ते गावातल्या साळ्याकडे थांबले. पट्ट्या काढल्या तेव्हा आणि परत दोन दिवसांनी पाहिलं. बाकी जागा कोऱ्या. गाजरगवताच्या अर्काखाली लालभडक गोल, वर बारीक पाण्याचे फोड. पुतण्यानं मोबाइलवर फोटो काढून दाखवला. काका बराच वेळ पाहत राहिले नि म्हणाले, "म्हंजे हे गवतच व्हय!"

थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइड, सोबत अ‍ॅझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारं औषध सुरू केलं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि मध्ये मध्ये रक्त तपासावं लागतं, हे पुतण्याला दोनदा समजावलं.

निघताना काकांनी कागद मागितला. चहाच्या टपरीवर त्यांचा गिलास वेगळा ठेवला जात होता. मला संताप आला. कुष्ठरोग असता तरी तो औषधांनी पूर्ण बरा होतो, गिलास वेगळा ठेवायचं कारण तेव्हाही नव्हतं. केसपेपरवर ठळक मराठीत लिहिलं : हा कुष्ठरोग नाही, हा आजार एकापासून दुसऱ्याला होत नाही, गाजरगवताची अ‍ॅलर्जी आहे. सही केली, शिक्का मारला. खाली सरपंचांसाठी आणखी एक ओळ घातली : पांदणीतलं गवत फुलावर येण्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावं आणि या कामाला काकांना बोलावू नये.