एफ, सात आणि पुढे काहीतरी

वनरक्षक म्हणून खटाव तालुक्यात माझा हा चौथा हिवाळा. जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी असते. पहाटे साडेपाचला स्वेटरवर रेनकोट चढवायचा (वारा स्वेटरला जुमानत नाही), गाडीला किक मारायची आणि येरळवाडीचा तलाव गाठायचा.

हा तलाव येतो त्या मायणी परिसराला २०२१ साली पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. तेव्हापासून फोन येतात ते एकाच प्रश्नाचे, 'रोहित आले का?' रोहित म्हणजे फ्लेमिंगो. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. पाऊस रुसला की तलाव आटतो, चांगला झाला की काठोकाठ भरून चिखलच बुडतो. त्यात आता उपसा योजनांचं पाणी. या दुष्काळी भागात पाणी आलं म्हणून हळहळायला तोंड कुठलं? पण पुण्याहून हातभर लेन्स घेऊन आलेल्या माणसाला 'यंदा पाणी जास्त आहे' म्हणून सांगते, तेव्हा त्याचं तोंड बघवत नाही.

मला स्वतःला रोहितापेक्षा पट्टकादंबाचं वेड. हा बदकाच्या कुळातला, हंसासारखा पक्षी. राखाडी अंग, पांढरं डोकं, मागे दोन काळे पट्टे, बुक्का लावल्यासारखे. मंगोलिया, तिबेटातून हिमालय ओलांडून येतो. सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे. उन्हाळ्यात त्याचे उडायचे पंख एकदम गळतात, काही आठवडे उडता येत नाही. तिकडचे शास्त्रज्ञ तेव्हाच त्याला पकडून गळ्यात हिरवी पट्टी घालतात. पट्टीवर पांढऱ्या ठळक खुणा, एक अक्षर आणि दोन आकडे. तेवढं वाचता आलं की पक्षी कुठला, कधी पकडलेला, सगळं कळतं. तीन हिवाळे मी कादंबांच्या माना तपासत होते. हाती काही नाही.

त्या दिवशी आठपर्यंत धुकं हललं नाही. पाण्यावरून नुसते आवाज येत होते. मग वारकरी दिसू लागले, शेकड्यांनी. आषाढीला पंढरीला जातात ते नव्हेत. हे काळे, कपाळाला पांढरा टिळा, आणि मोजताना भंडावून सोडणारे. दहा मोजायचे, तेवढा ठिपका डोळ्यांत धरायचा आणि पुढे तसे किती बसतात ते बघायचं. मधेच एक बुडी मारतो आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

कादंब पलीकडच्या काठावर होते. एकसष्ट. बरेचसे मान पाठीवर टाकून झोपलेले. दुर्बीण तिवईवर लावून एकेक करत सरकत होते आणि चव्वेचाळिसाव्याला थांबले. मानेवर पिसांखाली हिरवी कड होती.

मी श्वास रोखून धरला, कारण श्वासानं काच धुरकटते. दहा मिनिटं गेली असतील. त्यानं मान उचलली, शेजारच्याला चोच मारली, परत खाली घातली. तेवढ्यात एफ दिसला. दुसऱ्यांदा उचलली तेव्हा सात. पुढचा आकडा मानेच्या वळणापलीकडे. शून्य, सहा, आठ, काहीतरी गोल. बोटं गारठली होती, तरी पेन्सिल तयार धरली. आता फक्त त्यानं डावीकडे बघायचं होतं.

साडेआठला शेतीची लाईट आली. काठावरच्या सगळ्या मोटारींना ऑटो बसवलेले. खाटखाट करत स्टार्टर पडले, पाईपांतून हवा फुसफुसली आणि एकसष्ट कादंब एका झपाट्यात उठले. दुर्बिणीत फक्त पाणी उरलं. रडू आलं असतं, पण मागे कुणीतरी उभं होतं.

"ते हिरव्या पट्ट्याचं बघताय व्हय?"

सत्तरीचे तात्या, खांद्यावर घोंगडं. मी चपापलेच. "तुम्ही पाहिलंय?"

"रोज रातच्याला येतंय माझ्या हरभऱ्यात. आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला, ह्याच्या गळ्यात हिरवा. सरकारनंच घातलाय म्हटलं." मग थांबून, "डुकरांनी खाल्लं तर पंचनामा करता न्हवं? ह्यांचा कोण करतंय?"

डुकरांचे पंचनामे मी ढीगभर केलेत. बदकांचा एकही नाही. तसं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण चहाला घेऊन गेले.

दुपारभर काठावर बसले. थापटे आले, चक्रवाकाची एक जोडी आली. एरवी एवढ्यावर मी खूश झाले असते. फॉर्ममध्ये पट्टीसाठी रकानाच नव्हता, म्हणून शेऱ्यात लिहिलं, 'एफ ७, पुढील आकडा अवाच्य.' अपुऱ्या नोंदीवरून पक्षी ओळखता येत नाही, हे माहीत असून लिहिलं.

रात्री नऊला तात्यांच्या बांधावर होते. अंधारातून आधी आवाज आला, आंग-आंग, मग पंखांची सळसळ आणि मग पाला खुडल्याचा बारीक करकर आवाज, तीस-चाळीस पावलांवर. हरभऱ्याची आंब लागून माझे पाय चुरचुरत होते. घाट्यावर आलेलं पीक, आणि मी मात्र मनात म्हणत होते, खा बाबा, जरा जवळ ये.

तात्यांनी किती वेळ कळ काढली, त्यांनाच ठाऊक. मग मोठी बॅटरी लावली. "वाचा बिगीबिगी!"

झोतात माना ताठ झाल्या. सगळ्या सारख्याच, आणि त्यातल्या एकीवर गडद कडं. रंग कळेना, अक्षर तर लांबच. पुढच्या क्षणी सगळा थवा डोक्यावरून गेला.

"वाचलं का?"

"नाही, तात्या."

त्यांनी बॅटरी विझवली, घोंगडं सारखं केलं. "मग उद्या या. त्यांला कुठं सुट्टी हाय?"