फुकट गेलेलं मत

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर "मत फुकट का घालवतोस?" याला मी आता नुसतं हसतो. चहाच्या गाड्यावर हसलोय, लग्नाच्या पंगतीत हसलोय. माझं आडनाव माहीत असलेले तर विचारतही नाहीत, त्यांनी उत्तर परस्पर ठरवलेलं असतं. त्याचा राग वेगळाच.

२०१९, सोलापूर लोकसभा. काँग्रेसचे सुशीलकुमार शिंदे साधारण १ लाख ५८ हजार ६०० मतांनी पडले आणि वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार मतं मिळाली. दोन आकडे शेजारी मांडले की झालं, आम्ही पाडलं. मग माझाही हिशोब ऐका. त्या मतदारांपैकी शंभरातल्या त्र्याण्णवांनी पंजाचं बटण दाबलं असतं आणि उरलेले सात घरी बसले असते, तरी शिंदे मागेच राहिले असते. हा हिशोब मला झोपेतही येतो. नांदेडचा मात्र कुणी काढला की मी विषय बदलतो. तिथे काँग्रेसचे अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले आणि वंचितला १ लाख ६६ हजार होती. तिथे चौथा हिस्सा वळला असता तरी भागत होतं.

पण खरं दुखणं आकड्यांचं नाही, आप्पांचं आहे, माझ्या वडिलांचं.

आप्पांनी उभी हयात चादरीच्या कारखान्यात मागावर काढली. एकेकाळी कोर्टात पट्टेवाला असलेला आपल्यातला माणूस, म्हणजे हेच शिंदे, २००३ला मुख्यमंत्री झाला, त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. पगार झालेला नव्हता, उसने घेऊन वाटले. १८ एप्रिलला मतदान करून मी घरी आलो तेव्हा ते दारातच खुर्ची टाकून बसले होते. "कुणाला टाकलास रे?" मी म्हणालो, "पंजाला." विचार करायलाही वेळ लागला नाही, इतकं सहज खोटं बोललो. ते खूश झाले. आईला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. तो चहा मी प्यायलो.

२३ मेला दुपारी त्यांनी टीव्ही बंद केला आणि वंचितवाल्यांना शिव्या घालायला सुरुवात केली. ही भाजपची बी टीम, ह्यांनी घरातलंच घर फोडलं, वगैरे. तासभर ऐकलं आणि मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "आप्पा, मीपण त्यातलाच." मला वाटलं चिडतील, भांडतील. माझा मुद्दा तयार होता. किती वर्षं दुसऱ्याला पाडण्यासाठी मत द्यायचं? आपल्याला हवं त्याला कधी? पण ते एवढंच म्हणाले, "मत तुझं आहे. मग खोटं का बोललास?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अर्धंमुर्धं सापडलं ते १ डिसेंबर २०२०ला, विधान परिषदेच्या पुणे पदवीधर मतदारसंघाच्या मतदानाला. आयोगाचं जांभळं पेन, चादरीएवढी मतपत्रिका, आणि नावापुढे १, २, ३ लिहायचं. एक मनातल्या माणसाला. तो बाद झाला तर माझं मत दोनकडे जाईल. मी पेन धरून तिथे जरा जास्तच वेळ उभा राहिलो, मागचा खाकरलासुद्धा. लोकसभेला असं असतं तर दारात आप्पांना खरं सांगता आलं असतं: एक वंचितला, दोन पंजाला. त्यांनी दोनवर समाधान मानलं असतं की नाही, देव जाणे.

आता तुम्ही म्हणाल, यानं तुझा माणूस निवडून थोडाच येतो? नाहीच येत. त्यासाठी मतांच्या प्रमाणात जागा हव्यात. आणि इथे माझी गोची होते, कारण घटना समितीत प्रमाणशीर प्रतिनिधित्वाला विरोध खुद्द बाबासाहेबांनी केला होता. लोक पुरेसे साक्षर नाहीत आणि लहान लहान गटांनी सरकार टिकणार नाही, ही त्यांची कारणं. पहिलं आज कुणी पुढे करू नये. दुसऱ्याला मी इतकंच म्हणतो की २०१९च्या विधानसभेत आपण आहे त्याच पद्धतीनं एकामागून एक तीन मुख्यमंत्री पाहिले. तरीही त्यांच्या म्हणण्याविरुद्ध बोलताना माझा आवाज बारीक होतो, हेही खरं. आणि याच बाबासाहेबांना १९५२ला मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी हरवलं, हे आठवलं की पुन्हा वाढतो.

२०१४ला ऑफिसात एकानं हत्तीला मत दिलं म्हणून मीच त्याची टर उडवली होती. त्या वर्षी देशभरात मतांमध्ये तिसरा नंबर असून बसपाची एकही जागा आली नाही, तेव्हाही मी हसलो होतो.

२०२४ला सोलापुरात वंचितच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला. मी पंजाला दिलं. प्रणिती शिंदे ७४ हजारांनी आल्या, म्हणजे तुमचंच खरं ठरलं असं धरा हवं तर. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आप्पांना आपण होऊन सांगितलं. त्यांनी माझ्या बोटावरची शाई पाहिली, "बरं" म्हणाले आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. चहाचं काही बोलले नाहीत.