रेंज नसलेल्या पाड्यावर ऑनलाइन काय शिकवता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "ठाण्यात ऑफिसात बसून पाड्यावरच्या आदिवासींना ऑनलाइन आरोग्य कसं शिकवता? तिथे रेंज तरी असते का?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. डोळ्यांसमोर एक चित्र असतं: कुडाच्या घरात एक बाई मोबाइल हातात धरून बसली आहे आणि पडद्यावर डॉक्टर व्याख्यान देत आहेत. असं चित्र असेल तर प्रश्न पडणारच.

त्याआधी एक गोष्ट. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी तिकडे गेले, आणि ठाण्यातल्या पुष्कळांना वाटतं की आदिवासीही सगळे तिकडेच गेले. शहापूर आणि मुरबाड अजून आपल्याच जिल्ह्यात आहेत. वारली, म ठाकूर, क ठाकूर, महादेव कोळी, कातकरी हे सगळे याच जिल्ह्याचे रहिवासी. मुंबईच्या नळाला येणारं भातसा-तानसाचं पाणी शहापूर तालुक्यात अडवलेलं आहे. येऊरचे पाडे तर ठाणे महापालिकेच्या हद्दीत आहेत. त्यामुळे "तिकडचे लोक" म्हणून कोणी बोलायला लागलं की मी आधी जिल्ह्याचा नकाशा सांगते.

आता रेंज. काही पाड्यांवर असते, काहींवर नसते, पावसात असलेलीही जाते. आमचं थेट सत्र म्हणून पाड्यावर नसतंच. ते आशाताई, त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका, उपकेंद्राच्या सिस्टर आणि आश्रमशाळांच्या अधीक्षिका यांच्यासाठी असतं. त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिथे नेट चालतं अशा ठिकाणी एकत्र बसतात, एका मोबाइलभोवती चारचौघी. तिथून पुढे पाड्यापर्यंत ज्ञान जातं ते माणसाच्या तोंडून, आणि सोबत दोन-तीन मिनिटांच्या आवाजी फिती. या फिती कातकरी किंवा वारली बोलणाऱ्या त्यांच्याच मुलींनी बोललेल्या असतात. आठवडी बाजाराच्या दिवशी बायका बाजाराच्या गावात येतात, तिथे त्या मोबाइलवर उतरवून घेतात. घरातला मोबाइल बहुधा नवऱ्याकडे असतो आणि तो दिवसा कामावर जातो. म्हणून आवाज छोटा हवा, रात्री चुलीपाशी एकदा ऐकता येईल इतका. साध्या बटणाच्या फोनवर चालणाऱ्या सरकारी सोयीही आता आहेत. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक याप्रमाणे ७२ ध्वनिसंदेश देणारी 'किलकारी' २०२४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली, तिला इंटरनेट लागत नाही. आम्ही आशाताईंना ती नोंदवून द्यायला सांगतो, कारण जे आधीच चांगलं आहे ते पुन्हा बनवण्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे.

मग ऑनलाइन कशासाठी? माझं उत्तर असं: प्रश्न वर येण्यासाठी. माहिती खाली पाठवायला भित्तिपत्रकं पुरेशी होती, ती वर्षानुवर्षं छापली गेली. पाड्यावर उभ्या असलेल्या बाईला पडलेला प्रश्न त्याच आठवड्यात जाणकार डॉक्टरांपर्यंत पोचणं ही सोय मात्र कधी नव्हती. शहापूरच्या आतल्या पाड्यावरची आशाताई ठाण्याच्या बालरोगतज्ज्ञांना कधी भेटणार होती?

हा विचार आमचा नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली 'प्रोजेक्ट एको' सुरू केला. हेपटायटिस सी या यकृताच्या आजाराचे रुग्ण उपचारासाठी शेकडो मैल प्रवास करायचे. अरोरांनी रुग्णांऐवजी ज्ञान हलवलं: गावोगावचे डॉक्टर आणि परिचारिका दर आठवड्याला व्हिडिओवर जमायचे, आपले रुग्ण मांडायचे आणि तज्ज्ञांसोबत चर्चा करायचे. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे होण्याचं प्रमाण ५७.५ टक्के होतं आणि गावातल्या केंद्रांवर ५८.२ टक्के. पुढे तिथल्या मूळ रहिवासी जमातींच्या दवाखान्यांनीही हीच रीत उचलली. आमच्याकडे डॉक्टरांच्या जागी बहुतेक वेळा आशाताई असते, पण रीत तीच: आधी रुग्णाची गोष्ट, मग चर्चा, व्याख्यान सगळ्यात शेवटी आणि अगदी थोडं.

सर्पदंशाचं उदाहरण देते, कारण त्यात हे सगळं दिसतं. भारतात बहुतेक जीवघेणे दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचे असतात, आणि आपल्याकडे मिळणारी सर्पविषाची लस या चारांवरच चालते. घोणस किंवा फुरसं चावलं की सूज येते, दुखतं, घरचे धावपळ करतात. मण्यारचं तसं नसतं. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की खूण दिसत नाही, फारसं दुखतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, उलटी होते. घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, आणि नंतर श्वास अडतो.

एका सत्रात एका ताईंनी विचारलं, "डॉक्टर, पोरगं सकाळी पोटात दुखतंय म्हणून रडतं, डोळे उघडत नाही, आणि साप कोणीच पाहिलेला नाही. मग लस देतात का?" डॉक्टर म्हणाले, लक्षणं जुळली की देतात, साप पाहिलेला असायलाच हवा असं नाही. त्या दिवसापासून आमचं सर्पदंशाचं सत्र सापांच्या चित्रांऐवजी पोटदुखीपासून सुरू होतं. बाकीच्या गोष्टी त्यानंतर: घट्ट आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, हातपाय हलू देऊ नका, बांबूची कामटी लावून आधार द्या, १०८ ला फोन करा. उलटी होत असेल किंवा गिळता येत नसेल तर कुशीवर झोपवा. आणि मच्छरदाणी, जिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या आहेत. तिने मलेरियाचा डास आणि मण्यार, दोन्ही अडतात.

याच सत्रांना आम्ही भगतांनाही, म्हणजे पाड्यावरच्या मांत्रिकांनाही, बोलावतो. यावर मला पुष्कळ बोलणी खावी लागतात, विशेषतः शहरातल्या सुशिक्षितांकडून. माझं म्हणणं स्पष्ट आहे. रात्री दोन वाजता साप चावला की माणूस आधी भगताकडे जातो, कारण भगताचं घर जवळ आहे आणि तो दार उघडतो. त्याला मूर्ख ठरवून आपण काय मिळवतो? एक वयस्क भगत आमच्या सत्रात म्हणाले, "माझ्याकडे आणतात, पण मी थांबवत नाही. गाडी कुठून बोलवायची ते मला कोणी सांगितलेलं नव्हतं." आता त्यांच्या भिंतीवर १०८ हा आकडा कोळशाने लिहिलेला आहे. गाडी येईपर्यंत माणसाला हलू द्यायचं नाही आणि कुटुंबाला धीर द्यायचा, हे काम त्यांच्याइतकं चांगलं कोणी करणार नाही.

सर्पदंशाचं सत्र मे अखेरीस होतं, आवणीच्या म्हणजे भातलावणीच्या आधी. वेळापत्रक हा आमच्या कामाचा कणा आहे आणि त्यासाठी मी निधी देणाऱ्यांशी भांडते. त्यांना एप्रिल ते मार्च असं वर्ष हवं असतं आणि दर तिमाहीला सारखा आकडा. पाड्याचं वर्ष वेगळं चालतं. आवणीच्या दिवसांत कोणीही बसणार नाही, बसूही नये. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भिवंडी, कल्याण, पनवेलकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात पाड्यावर म्हातारी माणसं उरतात. भट्टीवर गेलेल्या बाळाचं लसीकरण अर्धवट राहतं, गरोदर बाईची तपासणी चुकते. म्हणून निघण्यापूर्वीचं सत्र महत्त्वाचं. माता-बाल संरक्षण कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, भट्टीच्या जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, तिथली आशाताई कोण. दोन तालुक्यांतल्या आशाताई एकाच सत्रात समोरासमोर येतात आणि "माझ्याकडची अमुक जणी तुमच्याकडे येत्येय" असं एकमेकींना सांगतात. एरवी त्यांची ओळख होण्याचं काही कारणच नव्हतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल बोलताना मात्र मी फार जपून बोलते. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोल इथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. तपासणी हवीच. पण आमच्या एका सत्रात एका तरुण आशाताईने विचारलेला प्रश्न असा होता: "मुलीची चाचणी वाहक निघाली तर तिचं लग्न मोडेल, मग मी तिला चाचणीला का नेऊ?" याला आकडेवारीने उत्तर देता येत नाही. आम्ही सांगतो ते असं: वाहक म्हणजे आजारी नव्हे, आजाराचा जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला. तिने कोणाशीही लग्न करावं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तरच प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते, आणि तेही आधी कळलं तर तपासण्या करून ठरवता येतं. म्हणून मुलाचीही चाचणी करा. मुलाच्या आईला हे सांगायला बाई गेली तर जास्त ऐकलं जातं, हे आम्हाला आशाताईंनीच शिकवलं.

आणि नाव कुठेही जाणार नाही, याची हमी. व्हॉट्सअॅप ग्रुपवर रुग्णाचं नाव, फोटो, रिपोर्ट टाकायचा नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. सत्रात रुग्णाची गोष्ट मांडताना वय आणि लक्षणं, बस्स. लहान पाड्यावर "अमुक जमातीची, सतरा वर्षांची, आश्रमशाळेत शिकणारी" एवढ्यावरूनही मुलगी ओळखू येते, तेव्हा तेसुद्धा गाळायचं. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स या मूळ रहिवासी समाजांनी १९९८ मध्ये स्वतःच्या माहितीबद्दल चार तत्त्वं मांडली: मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा, सगळं समाजाचंच. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण तो एका व्यक्तीच्या हक्काबद्दल बोलतो. पाड्याच्या हक्काबद्दल कोण बोलणार? कुठल्या पाड्यावर किती जण वाहक निघाले ही यादी बाहेर पडली तर अख्ख्या पाड्यावर शिक्का बसतो. म्हणून पाड्यानुसार आकडा मागणाऱ्यांना मी तो देत नाही. आधी पाड्याची बैठक होऊ दे, त्यांनी हो म्हणू दे.

यश कसं मोजता, हाही प्रश्न येतो. प्रमाणपत्रं किती वाटली हे अहवालात लिहावं लागतं, लिहिते. मी मनापासून मोजते ते प्रश्न. ज्या सत्रात एकही प्रश्न आला नाही ते मी झालं असं धरत नाही, उपस्थिती कितीही असो.

हे ऐकल्यावर चांगली माणसं विचारतात, आम्ही काय करू? जुने मोबाइल देऊ का? मोबाइल नकोत. ठाण्या-नवी मुंबईत बालरोगतज्ज्ञ आहेत, स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, भूलतज्ज्ञ आहेत, त्वचारोगतज्ज्ञ तर फारच हवेत, कारण वीटभट्टीवरच्या खरजेचे प्रश्न संपत नाहीत. त्यांनी महिन्यातून एक दुपार द्यावी. येताना स्लाइड आणू नयेत. मराठीतून, सावकाश, आणि आशाताईंचं बोलणं पुरं होईपर्यंत न तोडता. डॉक्टर नसाल तर एका आशाताईचं वर्षाचं डेटा रिचार्ज भरा. ती ते आज स्वतःच्या मानधनातून भरते.