मेणाचा हात

परवा दुपारी सुई शोधायला आईचा जुना बिस्किटांचा डबा उघडला आणि बटणांच्या खाली हात लागला. मेणाचा हात. मनगटापर्यंतचा, पिवळट, माझ्या अंगठ्याएवढा. करंगळी तेवढी कुठल्याशा मे महिन्यात वितळून तळव्याला चिकटलेली. सुई राहिली बाजूला.

हा हात माझ्याकडे चोरीचा आहे.

भावाचा हात मोडला त्या वर्षी आईने मोतमाउलीला, म्हणजे वांद्र्याच्या माउंट मेरीला, नवस बोलला होता. आम्ही काही ख्रिस्ती नव्हे, पण वांद्र्याच्या जत्रेला जायला कधी कोण जात विचारतंय! ८ सप्टेंबरचा सण झाला की पुढच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, आणि पाऊस हमखास. चढावर दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंची दुकानं. पाय दुखतो त्याने पाय वाहायचा, मूल हवं त्याने बाळ, भाड्याच्या खोलीला कंटाळलेल्याने घर. मला ती घरं फार आवडायची, पण आईने हात घेतला. गर्दीत एका हाताने मला आणि दुसऱ्याने छत्री धरलेली, म्हणून तो मेणाचा हात माझ्याकडे दिला. मी तो रेनकोटच्या खिशात घातला. वर पोचल्यावर आईने विचारलं, "वाहिलास?" मी मान हलवली.

आजी म्हणायची, मोतमाउली म्हणजे मोत्यांची माउली. मलाही तेच पटायचं, समोर समुद्र होता ना. पुढे कळलं की 'मोत' हा पोर्तुगीज 'मोंते', म्हणजे डोंगर. डोंगरावरची आई. कोळ्यांच्या तोंडी तो शब्द असा काही मुरला की परका वाटतच नाही.

आणखीही एक गोष्ट कळली, ती मात्र फार उशिरा. जेझुइट पाद्र्यांनी सोळाव्या शतकात इथे साधं प्रार्थनाघर बांधलं, पोर्तुगालहून लाकडी मूर्ती आणली. १७०० च्या सुमारास अरबी चाचे आले आणि सोन्याच्या लोभाने मूर्तीचा उजवा हातच तोडला. म्हणजे जिला सगळे हात वाहतात, तिचाच हात पळवलेला! वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. हात पळवणाऱ्यांच्या यादीत चाच्यांच्या खाली माझं नाव.

पुढे मराठे साष्टीत उतरले त्या धामधुमीत ते देऊळही पडलं. आम्हाला शाळेत १७३९ ची वसई आणि चिमाजी अप्पा घोकून घोकून पाठ. या टेकडीवर तेव्हा काय झालं ते पुस्तकात नव्हतं. कोळी सांगतात, एकाला स्वप्न पडलं आणि त्याप्रमाणे समुद्रात मूर्ती सापडली. १७६० च्या आसपास देऊळ पुन्हा उभं राहिलं. आपण पाहतो ती इमारत १९०४ ची. स्वप्नाबद्दल मला शंका नाही. आमच्या आजीला मांजर हरवलं तरी स्वप्न पडायचं.

भावाचा हात बरा झाला, पण कोपरात जरासा वाकडाच बसला. क्रिकेट खेळताना त्याचा चेंडू भलतीकडेच जायचा आणि सगळे हसायचे. मी हसायचे नाही.

परवा मात्र धीर केला. फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "अगं, पण माझा डावा मोडला होता."

मी डब्यात पाहिलं. अंगठा कुठल्या बाजूला आहे ते दोनदा ताडून पाहिलं, स्वतःचा हात शेजारी धरून. उजवाच.

दुकानात त्या दिवशी डावा नसेल. किंवा आईने पावसात पाहिलंच नसेल. आता विचारायचं तरी कुणाला? करंगळी सुटी करता येते का ते बघत बसले, तर ती तुटलीच.