फोल्डर सिंक करायला सॉफ्टवेअर निवडताना: माझा अनुभव

घरात एक डेस्कटॉप, बरोबर नेण्यासाठी लॅपटॉप, कायम चालू असलेला नॅस (घरच्या नेटवर्कला जोडलेलं फाइली साठवायचं यंत्र) आणि एक एक्सटर्नल हार्ड डिस्क. लिखाण, स्कॅन केलेली कागदपत्रं आणि फोटो चारही ठिकाणी असायला हवे होते. डेस्कटॉपवर केलेली दुरुस्ती मी काहीही न करता लॅपटॉपवर दिसावी, ही मुख्य गरज. फाइली बाहेरच्या सर्व्हरवर ठेवायच्या नव्हत्या, त्यामुळे क्लाउडचे पर्याय सुरुवातीलाच बाद झाले.

सॉफ्टवेअरांच्या वैशिष्ट्यांचे तक्ते वाचले, पण त्यांतून निवड होईना. प्रत्येक जण ‘दोन्ही बाजू सारख्या ठेवतो’ असंच सांगतो. मग मी सगळ्यांना एकच प्रश्न लावायचं ठरवलं. एका फोल्डरमध्ये फाइल आहे आणि दुसऱ्यात नाही, तर ती इकडे नव्याने तयार झाली की तिकडे डिलीट झाली? आत्ताचे दोन फोल्डर कितीही निरखले तरी याचं उत्तर मिळत नाही. मागच्या सिंकच्या वेळी दोन्हीकडे काय होतं, याची नोंद लागते. ही नोंद न ठेवणारं सॉफ्टवेअर एकतर डिलीट केलेली फाइल पुन्हा आणून ठेवतं किंवा नवी फाइल उडवतं. दोन्ही दिशांनी सिंक हवं असेल तर हा मुद्दा वेगापेक्षा आणि दिसण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे.

खऱ्या फाइलींना हात न लावता मी एक सरावाचं फोल्डर बनवलं. त्यात दोन्हीकडे वेगवेगळी दुरुस्ती केलेली फाइल, एकीकडे डिलीट केलेली, नाव बदललेली, एक मोठा व्हिडिओ आणि मराठी नावांच्या बऱ्याच फाइली होत्या. प्रत्येक सॉफ्टवेअरची परीक्षा याच फोल्डरवर घेतली.

आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात केली. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी ते १९९६ मध्ये आणलं आणि आजही त्याला तोड नाही. मोठ्या फाइलमधला थोडाच भाग बदलला असेल, तर नेटवर्कवरून तेवढाच भाग पाठवायची त्याची पद्धत विलक्षण हुशारीची आहे. फाइल बदलली का, हे ते एरवी आकार आणि बदलाची वेळ पाहून ठरवतं. पण त्याची दिशा एकच: इकडून तिकडे. मागची नोंद नाही. डिलीटचा पर्याय दिला नाही तर काढलेल्या फाइली तिकडे साचत राहतात. दिला तर तिकडे असलेली आणि इकडे नसलेली प्रत्येक फाइल जाते. मूळ फोल्डरच्या नावाच्या शेवटी दिलेल्या तिरप्या रेघेनेही (/) अर्थ बदलतो. रेघ असेल तर फोल्डरमधला मजकूर जातो, नसेल तर फोल्डरच जातं. डिलीटचा पर्याय चालू असताना हा फरक महागात पडू शकतो, म्हणून आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष काही न बदलता केलेली चाचणी) करून काय होणार ते वाचणं अत्यावश्यक आहे. विंडोजमधल्या रोबोकॉपीचा मिरर पर्यायही याच जातीचा. एका बाजूची हुबेहूब प्रत काढायला दोन्ही उत्तम, पण माझं काम त्यांचं नव्हतं.

युनिसन हाती घेतलं तेव्हा माझा प्रश्न कुणीतरी आधीच नीट विचारात घेतलेला दिसला. प्रत्येक सिंकनंतरची स्थिती ते जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी दोन्ही बाजू त्या नोंदीशी ताडून पाहतं. डिलीट केलेली फाइल त्याने बरोबर ओळखली. दोन्हीकडे बदललेल्या फाइलीपाशी ते थांबलं आणि कोणती ठेवू असं विचारलं. सगळ्यांत प्रामाणिक वागणूक मला याचीच वाटली. फक्त ते चालवावं लागतं, आणि एका वेळी दोनच ठिकाणं जुळवतं. मला मात्र मी न सांगता आपोआप मागे चालणारं काहीतरी हवं होतं.

ते सिंकथिंगमध्ये मिळालं. ते मुक्त स्रोत आहे, मध्ये फाइली साठवणारा सर्व्हर नाही, यंत्रं एकमेकांना ओळख-क्रमांकाने ओळखतात. कोणत्या फाइलमध्ये कोणत्या यंत्रावर बदल झाले, याची नोंद ते ठेवतं, त्यामुळे नवं कोणतं हे ठरवायला फक्त घड्याळावर विसंबत नाही. एकाच फाइलमध्ये दोन ठिकाणी बदल झाले की एक प्रत ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असं नाव, तारीख आणि वेळ लावून शेजारी ठेवतं. प्रश्न विचारत नाही, पण लिहिलेलं फेकूनही देत नाही. एक अट मात्र आहे: फाइल पोहोचायला दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू हवीत. डेस्कटॉप बंद करून मी लॅपटॉप उघडला तर देवघेव कशी व्हायची? इथे नॅस कामी आला. तो कायम चालू असतो, म्हणून दोघांचा मध्यस्थ झाला.

मराठी नावांच्या फाइलींबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या प्रमाणपद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि नुक्ता (अक्षराखालचा बिंदू) मिळून. डोळ्यांना फरक दिसत नाही. मॅकची एचएफएस प्लस ही डिस्कवर फाइली ठेवायची जुनी पद्धत नावांतली अशी चिन्हं सुटी करून साठवायची, तर लिनक्स नावाकडे निव्वळ बाइट (साठवलेले आकडे) म्हणून पाहतं. परिणामी ‘दुसऱ्या आवृत्तीचा मसुदा’ नावाच्या दोन फाइली लिनक्सवर शेजारी शेजारी सुखाने नांदू शकतात. मी मुद्दाम तसं करून पाहिलं, आणि झालं. सिंकथिंग एरवी अशी नावं आपोआप एका रूपात आणतं. आरसिंकमध्ये मॅकसाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. दुसरी अडचण लांबीची. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमवर नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रासुद्धा. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर चालणारं लांबलचक मराठी नाव नॅसवर अडलं ते यामुळेच. उलट, लिनक्सवर नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा दिसणारा कोलन चालतो, विंडोजवर चालत नाही. आता मी नावं लहान ठेवते.

एक्सटर्नल डिस्कसाठी फ्रीफाइलसिंक घेतलं. डिस्क जोडायची, तुलना करायची, काय कॉपी होणार आणि काय डिलीट होणार ते समोरासमोर पाहायचं आणि मगच बटण दाबायचं. त्याचा मिरर प्रकार वापरते, आणि काढल्या जाणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये हलवायला सांगितलं आहे. काम झालं की डिस्क काढून ठेवते. हे मुद्दाम आहे, कारण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची दुरुस्ती किंवा डिलीटही सिंक तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोहोचवतं. न जोडलेल्या डिस्कपर्यंत ते पोहोचू शकत नाही.

सिंकथिंगमध्ये जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय आहे, पण ती कुठे चालू करायची हे नीट समजून घ्यावं लागलं. दुसऱ्या यंत्राकडून आलेल्या बदलांच्या वेळीच ते जुनी प्रत जपतं. त्याच यंत्रावर स्वतः केलेल्या बदलांची नाही. लॅपटॉपवर मी फाइल डिलीट केली, तर ती लॅपटॉपवरच्या जुन्या आवृत्त्यांत सापडणार नाही, नॅसवर सापडेल. म्हणून ‘स्टॅगर्ड’ प्रकार नॅसवर चालू केला. तो अलीकडच्या प्रती दाट आणि जुन्या विरळ ठेवतो: पहिल्या दिवसानंतर महिनाभर रोजची एक, त्यानंतर आठवड्याची एक. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या डेटाबेस फाइली मात्र सिंकमधून वगळल्या. त्या अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत उचलल्या गेल्या तर दुसरीकडे बिघडलेली प्रत जाते, आणि यावर कोणत्याही सिंक सॉफ्टवेअरकडे पक्का इलाज नाही. त्यांची निर्यात केलेली प्रत काढून तीच सिंकच्या फोल्डरमध्ये टाकते.